लिनक्सवर बॉइंकच्या कॉन्फिग फाईली: नाशिककरांकडून परत परत येणारे प्रश्न

नाशिकमधले आम्ही काही जण घरचे, दुकानातले, क्लासमधले रिकामे पडलेले पीसी बॉइंकवर, म्हणजे कॉम्प्युटरचा रिकामा वेळ संशोधनाला देणाऱ्या प्रोग्रामवर लावतो. त्यात कुणाचं काही अडलं की मेसेज येतो, आणि बहुतेक वेळा तोच प्रश्न आधी दहा जणांनी विचारलेला असतो. म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय.

वाचण्याआधी एक गोष्ट. फाईलींची नावं, टॅग (फाईलमध्ये < > अशा कंसात लिहायची सेटिंगची नावं) आणि कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना ते सगळं इंग्रजी लहान अक्षरांत करायचं (मोजक्या जागी मोठं अक्षर लागतं, तिथे तसं सांगितलंय), आणि जिथे खाली रेघ दिसते तिथे अंडरस्कोर. आकडेसुद्धा इंग्रजीच. हे मुद्दाम सांगतोय कारण मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि फाईलमध्ये ५० असं देवनागरीत पडलं तर आपल्याला ते बरोबर दिसतं पण बॉइंकला तो आकडा कळतच नाही. ही चूक मी दोनदा पाहिलीय, दोन्ही वेळा लॅपटॉपचा कीबोर्ड मराठीवर होता.

१. बॉइंक म्हणजे नक्की काय, आणि कॉन्फिग फाईलला हात लावायलाच पाहिजे का?

आपल्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ संशोधनाला द्यायचा, इतकं साधं आहे ते. सुरुवात सेटी ॲट होमची, १७ मे १९९९ ला, परग्रहावरच्या सिग्नलच्या शोधासाठी. पुढे २००२ पासून बर्कलीत डेव्हिड अँडरसन आणि त्यांच्या टीमने बॉइंक बनवायला घेतलं, म्हणजे एकच प्रोग्राम आणि त्यावर कितीही प्रोजेक्ट. सेटीने मार्च २०२० अखेर नवीन काम वाटणं थांबवलं, पण आइनस्टाइन ॲट होम पल्सार आणि गुरुत्वीय लहरी शोधतंय, रोझेटा प्रोटीनच्या घड्या सोडवतंय, बाकीही बरेच आहेत.

कॉन्फिग फाईली म्हणजे बॉइंकची सेटिंग लिहिलेल्या साध्या टेक्स्ट फाईली, बहुतेकांना त्यांना कधीच हात लावावा लागत नाही. किती कोअर वापरायचे, कधी चालवायचं, डिस्क किती द्यायची हे सगळं मॅनेजरच्या (स्क्रीनवर उघडणारी बॉइंकची विंडो) कम्प्युटिंग प्रेफरन्सेसमध्ये आहे. स्क्रीन नसलेला पीसी, एकापेक्षा जास्त ग्राफिक्स कार्ड, किंवा एका प्रोजेक्टला लगाम घालायचाय, अशा वेळीच फाईल उघडा.

२. या फाईली असतात कुठे? मला सापडतच नाहीत.

उबुंटू, मिंट, डेबियनवर पॅकेजमधून टाकलं असेल तर डेटा /व्हार/लिब/बॉइंक-क्लायंट मध्ये, आणि हाताने बदलायच्या फाईली /ईटीसी/बॉइंक-क्लायंट मध्ये. डेटाच्या फोल्डरमध्ये त्याच फाईली दिसतात पण त्या खऱ्या नसतात, ईटीसीकडे बोट दाखवणाऱ्या लिंक असतात. फेडोरावर डेटा /व्हार/लिब/बॉइंक मध्ये. दोन्ही नावांचे फोल्डर दिसले तर त्यातलं एक बहुतेक दुसऱ्याकडे नेणारी लिंक असते, एलएस ला -एल लावून बघा, बाण दिसेल.

अंदाज करत बसण्यापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे लॉग, बॉइंक स्वतः काय करतोय ते लिहून ठेवतो ती नोंद. क्लायंट, म्हणजे मागे गुपचूप चालणारा बॉइंकचा मुख्य प्रोग्राम, सुरू होताना पहिल्या काही ओळींत "डेटा डिरेक्टरी" म्हणून पूर्ण पत्ता छापतो. तो जे सांगेल ते खरं, इंटरनेटवरच्या जुन्या लेखात काहीही असो.

३. लॉग, लॉग म्हणता, पण तो बघायचा कसा?

मॅनेजर असेल तर टूल्समध्ये इव्हेंट लॉग. नसेल तर टर्मिनलमध्ये जर्नलसीटीएल -यू बॉइंक-क्लायंट. फाईलची अडचण शोधताना लॉगचा शेवट बघू नका, क्लायंट सुरू झाला तिथल्या तीस-चाळीस ओळी बघा, कारण कॉन्फिग तिथेच वाचली जाते आणि तक्रारही तिथेच लिहिली जाते. या पानावरची निम्मी उत्तरं त्या चाळीस ओळींत आधीच असतात, कुणी वाचत नाही हीच खरी अडचण आहे.

४. कोणती फाईल कशासाठी, थोडक्यात सांगा.

सीसी_कॉन्फिग.एक्सएमएल ही क्लायंटच्या स्वभावाची फाईल: लॉगमध्ये काय छापायचं, एका वेळी किती डाउनलोड, कोणतं ग्राफिक्स कार्ड वगळायचं. ग्लोबल_प्रेफ्स_ओव्हरराइड.एक्सएमएल मध्ये कोअर, मेमरी, डिस्क, वेळा. ॲप_कॉन्फिग.एक्सएमएल ही प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी, त्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवायची. जीयूआय_आरपीसी_ऑथ.सीएफजी मध्ये मॅनेजरचा पासवर्ड आणि रिमोट_होस्ट्स.सीएफजी मध्ये बाहेरून कोण जोडू शकतं त्याची यादी. बाकी ज्या फाईली दिसतात, क्लायंट_स्टेट वगैरे, त्या क्लायंटच्या स्वतःच्या आहेत (१८ बघा).

५. फाईल बदलली, सेव्ह केली, तरी काहीच फरक नाही. असं का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, सेव्ह केल्याने क्लायंटला काही कळत नाही, त्याला परत वाचायला सांगावं लागतं. मॅनेजर ॲडव्हान्स्ड व्ह्यूमध्ये घ्या, ऑप्शन्समध्ये रीड कॉन्फिग फाईल्स. टर्मिनलवर बॉइंकसीएमडी --रीड_सीसी_कॉन्फिग, त्यात ॲप_कॉन्फिगपण वाचली जाते. ओव्हरराइड फाईलला मात्र वेगळी कमांड आहे, --रीड_ग्लोबल_प्रेफ्स_ओव्हरराइड. आणि ग्राफिक्स कार्डाचे काही ऑप्शन, जसं यूज_ऑल_जीपीयूज आणि एक्सक्लूड_जीपीयू, ते नुसतं वाचून लागू होत नाहीत, क्लायंट रीस्टार्टच करावा लागतो: सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट बॉइंक-क्लायंट.

दुसरं, फाईलचं नाव. लिनक्सला लहान-मोठं अक्षर वेगळं असतं, आणि व्हॉट्सॲपवरून आलेली फाईल डाउनलोड केली की नावाच्या शेवटी कंसात १ लागतो किंवा मागे टीएक्सटी चिकटतं. लॉगमध्ये "सीसी_कॉन्फिग.एक्सएमएल नॉट फाउंड, यूझिंग डिफॉल्ट्स" अशा अर्थाची ओळ आली तर नाव किंवा जागा चुकलीय हे नक्की, आतलं काही तपासूच नका अजून.

तिसरं जरा लपलेलं आहे. पंचवटीतल्या एका मित्राकडे तासभर बसलो होतो, ईटीसीमधली फाईल बदलतोय, रीस्टार्ट करतोय, लॉगमध्ये फाईल सापडली असंही येतंय, पण आत लिहिलेलं काही लागू होईना. शेवटी डेटा फोल्डरमध्ये एलएस -एल केलं तर तिथे बाण नव्हता. आधी कधीतरी त्याने दुसरीकडून आणलेली फाईल थेट डेटा फोल्डरमध्ये पेस्ट केली होती, त्यामुळे लिंक गेली आणि तिथे खरी फाईल बसली. म्हणजे दोन फाईली, आपण बदलतोय एक आणि क्लायंट वाचतोय दुसरी. जुनी फाईल बाजूला काढली, एलएन -एस ने लिंक परत केली, लगेच चाललं. तेव्हापासून मी आधी एलएस -एल करतो आणि मगच एडिटर उघडतो.

६. लॉगमध्ये "अनरेकग्नाइज्ड टॅग" किंवा "मिसिंग स्टार्ट टॅग" येतंय.

मिसिंग स्टार्ट टॅग म्हणजे फाईलची बाहेरची चौकटच नाही. सीसी_कॉन्फिगमध्ये सगळ्यात बाहेर सीसी_कॉन्फिग याच नावाचा टॅग पाहिजे, त्याच्या आत लॉग_फ्लॅग्ज आणि ऑप्शन्स असे दोन डबे. ओव्हरराइड फाईलमध्ये बाहेरचा टॅग ग्लोबल_प्रेफरन्सेस असतो, फाईलच्या नावाचा नाही, इथे बरेच जण फसतात.

अनरेकग्नाइज्ड टॅग म्हणजे स्पेलिंग चुकलंय, किंवा टॅग बरोबर आहे पण चुकीच्या डब्यात पडलाय, किंवा तो या फाईलचाच नाही. उदाहरणार्थ मॅक्स_एनसीपीयूज_पीसीटी हा ओव्हरराइड फाईलचा टॅग, तो सीसी_कॉन्फिगमध्ये टाकला तर क्लायंट ओळखणार नाही, आणि लॉग_फ्लॅग्जमधला वर्क_फेच_डीबग ऑप्शन्समध्ये टाकला तरी तेच.

टॅग नीट बंद झालेत का हे बघायला एक्सएमएललिंट --नोआउट आणि पुढे फाईलचं नाव, डेबियन घराण्यात ते लिबएक्सएमएल२-युटिल्स पॅकेजमध्ये मिळतं. काहीच छापलं नाही तर फाईल बांधणीने ठीक आहे. पण स्पेलिंग ते पकडत नाही, टॅगचं नाव काहीही असलं तरी उघडून बंद केलंय ना, एवढंच ते बघतं. आणि फाईल नॅनो किंवा साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच लिहा, रायटरसारख्या ऑफिसच्या प्रोग्राममध्ये नको.

७. मॅनेजर उघडतो पण "कनेक्टिंग" वर अडकतो किंवा पासवर्ड चुकीचा म्हणतो.

क्लायंट बॉइंक नावाच्या वेगळ्या युजरखाली चालतो, पासवर्डची फाईल त्या ग्रुपलाच वाचता येते, आणि तुम्ही त्या ग्रुपमध्ये नाही. सुडो युजरमॉड -ए -जी बॉइंक आणि पुढे तुमचं युजरनेम, यातला जी तेवढा मोठा. ए विसरू नका, नाहीतर तुमचे बाकीचे ग्रुप उडतील, सुडोचासुद्धा, आणि मग ते निस्तरण्यात संध्याकाळ जाईल. नंतर लॉगआउट करून परत लॉगिन, त्याशिवाय ग्रुप लागू होत नाही.

बॉइंकसीएमडी पासवर्ड मागत असेल तर डेटा फोल्डरमध्ये सीडी करून तिथून चालवा, ती फाईल तिथेच शोधते.

हे सगळं ठीक असूनही जोडत नसेल तर क्लायंट मुळात चालू आहे का बघा: सिस्टमसीटीएल स्टेटस बॉइंक-क्लायंट.

८. मॅनेजरमधून सेटिंग बदलतो, ओके करतो, परत उघडलं की जुनंच. हे पण परमिशनचं का?

बहुतेक हो. मॅनेजर स्वतः काही लिहीत नाही, तो क्लायंटला सांगतो आणि क्लायंट बॉइंक युजर म्हणून फाईल लिहायला जातो. तुम्ही ती फाईल सुडो नॅनोने नव्याने बनवली असेल तर मालक रूट झाला, क्लायंट वाचू शकतो पण लिहू शकत नाही. सुडो चोन बॉइंक:बॉइंक आणि फाईलचं नाव. चोनचं स्पेलिंग सी-एच-ओ-डब्ल्यू-एन.

याची दुसरी बाजूपण लक्षात ठेवा, मॅनेजरच्या इव्हेंट लॉग ऑप्शन्समधून काही टिक केलं की सीसी_कॉन्फिग पूर्ण नव्याने लिहिली जाते, तुम्ही आत लिहून ठेवलेल्या कमेंट जातात. हाताने मेहनतीने लिहिलेली फाईल असेल तर एक कॉपी घरच्या फोल्डरमध्ये ठेवाच.

९. प्रोजेक्टच्या वेबसाईटवर प्रेफरन्सेस बदलले, अपडेट दाबलं, तरी माझा पीसी ऐकत नाही.

ओव्हरराइड फाईल आहे म्हणून. वेबसाईटचं सेटिंग ग्लोबल_प्रेफ्स.एक्सएमएल मध्ये येतं, पण ओव्हरराइडमध्ये जो टॅग आहे तो वेबवर भारी पडतो. कधीकाळी मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये एकदा ओके दाबलं असेल तरी ही फाईल तयार झालेली असते. घरातले तीन-चार पीसी एकाच जागेवरून सांभाळायचे असतील तर मॅनेजरमधलं यूज वेब प्रेफ्स बटण दाबा, ओव्हरराइड जाते आणि वेबचं राज्य सुरू होतं. वेबवर होम, वर्क, स्कूल असे गटही असतात, पीसी कोणत्या गटात टाकलाय तेही बघा.

१०. एप्रिल-मेमध्ये पीसी तापतो. काय कमी करू?

हा नाशिकचा खरा प्रश्न आहे. हिवाळ्यात निफाडच्या बाजूला जी थंडी पडते तेव्हा बॉइंक चालवायला मजा येते, खोलीही जरा उबदार राहते, पण मे महिन्यात बाहेर चाळीसच्या आसपास पारा आणि वरचा मजला पत्र्याचा, तेव्हा प्रोसेसर शंभर टक्के लावून ठेवणं मशीनवर अन्याय आहे.

ओव्हरराइड फाईलमध्ये दोन टॅग आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. मॅक्स_एनसीपीयूज_पीसीटी म्हणजे किती टक्के कोअर वापरायचे: आठ थ्रेडच्या मशीनवर ५० दिलं तर चार कामं चालतील, बाकी चार मोकळे. सीपीयू_यूसेज_लिमिट म्हणजे जी कामं चालू आहेत ती वेळेच्या किती टक्के चालवायची, म्हणजे थोडं पळव, थोडं थांबव, परत पळव. दुसऱ्याने पंख्याचा आवाज सारखा वरखाली होत राहतो आणि तापमानही हेलकावे खातं. माझं स्पष्ट मत आहे की आधी कोअर कमी करा, लिमिटला १०० वरच राहू द्या, आणि कोअर अर्ध्यावर आणूनही भागलं नाही तरच लिमिटला हात लावा. सेन्सर्स कमांडने तापमान बघत राहा, तीही पंधरा-वीस मिनिटांनी, लगेच नाही.

आणि फाईल बदलण्याआधी कॅबिनेट उघडून धूळ झाडा. सातपूरला एका वर्कशॉपच्या ऑफिसातल्या पीसीचं कॉन्फिग फोनवरून तीन वेळा बदललं, काही उपयोग नाही. प्रत्यक्ष गेलो तर हीटसिंकवर लोखंडाच्या बारीक भुकटीचा आणि तेलाचा जाड थर होता. साफ केला आणि जुन्या सेटिंगवरच व्यवस्थित चाललं.

११. लाईट जाते तेव्हा केलेलं काम वाया जातं का? इन्व्हर्टरवर असताना आपोआप थांबवता येईल का?

सगळं वाया जात नाही. बहुतेक कामं मधून मधून चेकपॉइंट, म्हणजे तिथवर झालेल्या कामाची नोंद डिस्कवर लिहितात, लाईट आली की शेवटच्या चेकपॉइंटपासून पुढे. डिस्क_इंटरव्हल हा टॅग सांगतो की कमीत कमी किती सेकंदांच्या अंतराने लिहायचं, डिफॉल्ट ६० आहे. तो कमी करून फार फायदा नाही, कारण काम स्वतःच्या सोयीच्या जागी आलं की मगच चेकपॉइंट लिहितं, आणि काही कामं तर बराच वेळ लिहीतच नाहीत. लाईटचा भरवसा नसेल तर क्लायमेटप्रेडिक्शनसारखी दिवसेंदिवस चालणारी कामं घेऊ नका, काही तासांत संपणारी कामं देणारा प्रोजेक्ट निवडा, हा फाईलमधल्या कुठल्याही टॅगपेक्षा चांगला उपाय आहे.

लॅपटॉपला रन_ऑन_बॅटरीज ० ठेवलं की लाईट जाताच काम थांबतं, लॉगमध्ये "सस्पेंडिंग कम्प्युटेशन, ऑन बॅटरीज" दिसतं. डेस्कटॉपला मात्र आपण घराच्या इन्व्हर्टरवर आलोय हे कळायला काही मार्ग नाही, त्याच्या दृष्टीने भिंतीतून वीज येतेय. रात्री घरात आजारी माणूस किंवा लहान बाळ आहे, पंखा इन्व्हर्टरवर चाललाय आणि त्यातच पीसी पूर्ण ताकदीने बॅटरी खातोय, हे व्हायला नको. बॉइंकवाला पीसी इन्व्हर्टरच्या लाईनवर जोडूच नका. लाईट गेली की बंद पडू दे, बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग असतं ते लावा.

१२. फक्त रात्री चालवायचंय. मध्यरात्र ओलांडली तर चालतं का?

चालतं. स्टार्ट_अवर २२ आणि एंड_अवर ६ दिलं की रात्री दहा ते सकाळी सहा. साडेदहा हवं असेल तर २२.५ लिहा, २२.३० नाही, कारण तो दशांश आहे, मिनिटं नाहीत. वेळ मशीनच्या घड्याळाप्रमाणे धरली जाते, नवीन इन्स्टॉलमध्ये टाइमझोन भारताचा नसेल तर साडेपाच तासांचा घोळ होतो.

१३. मधेच काम थांबतं, परत सुरू होतं, दिवसभर हेच. काय बिघडलंय?

बिघडलेलं काही नाही. सस्पेंड_सीपीयू_यूसेज म्हणून टॅग आहे, डिफॉल्ट २५, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामनी मिळून प्रोसेसर पंचवीस टक्क्यांच्या वर नेला की बॉइंक बाजूला होतो. ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला तरी होतं. लॉगमध्ये "सीपीयू इज बिझी" लिहिलेलं असेल. त्रास होत नसेल तर ० करा, म्हणजे ही अट बंद. सोबत लीव्ह_ॲप्स_इन_मेमरी १ ठेवा, नाहीतर प्रत्येक थांब्याला काम मेमरीतून निघतं आणि मागच्या चेकपॉइंटला जातं. रॅम चार जीबीच असेल तर हे दुसरं नको.

१४. ॲप_कॉन्फिग टाकली तर "अननोन ॲप्लिकेशन" म्हणतोय.

तुम्ही नेम टॅगमध्ये स्क्रीनवर दिसतं ते मोठं नाव लिहिलंय, तिथे छोटं अंतर्गत नाव लागतं. तीच लॉगची ओळ पूर्ण वाचा, पुढे "नोन ॲप्लिकेशन्स" म्हणून खरी नावं दिलेली असतात, त्यातलं उचला. यादी रिकामी असेल तर त्या प्रोजेक्टचं एकही काम अजून आलेलं नाही, एक येऊ द्या.

फाईल प्रोजेक्ट्स फोल्डरच्या आत त्या त्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये पाहिजे. एका ॲपची एका वेळी किती कामं चालवायची ते मॅक्स_कन्करंट, पूर्ण प्रोजेक्टची मिळून प्रोजेक्ट_मॅक्स_कन्करंट. ग्राफिक्स कार्डावर दोन कामं एकत्र चालवायची तर जीपीयू_यूसेज ०.५. इथे सीपीयू_यूसेज टॅगबद्दल गैरसमज आहे, तो फक्त क्लायंटला हिशोबासाठी सांगायचा आकडा आहे, त्याने ॲप प्रत्यक्षात कमी प्रोसेसर वापरत नाही.

१५. ॲप_कॉन्फिग डिलीट केली तरी जुनीच सेटिंग चालू आहेत.

त्यातले काही आकडे क्लायंट_स्टेटमध्ये उतरलेले असतात, फाईल गेली तरी ते राहतात. प्रोजेक्ट रीसेट केला की मूळ आकडे परत येतात, पण रीसेटने हातातली सगळी कामं टाकून दिली जातात, म्हणून आधी नो न्यू टास्क्स दाबा, आहेत ती संपवून पाठवा, मग रीसेट. ज्या कामासाठी सर्व्हर तुमच्यावर थांबलाय ते फेकून देणं बरं नाही, ते परत दुसऱ्या कुणाला पाठवावं लागतं.

१६. ग्राफिक्स कार्ड आहे, गेम चालतात, पण बॉइंक "नो यूजेबल जीपीयूज फाउंड" म्हणतो.

क्रमाने बघा. ओपनसीएल (ग्राफिक्स कार्डावर हिशोब चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) बसलंय का, सीएलइन्फो चालवा. तुमच्या युजरला दिसतं पण बॉइंकला नाही तर बॉइंक युजरला व्हिडिओ आणि रेंडर या दोन्ही ग्रुपमध्ये टाका (७ मधली कमांड, फक्त ग्रुप आणि युजर बदलून). तरी नाही, तर लॉगिन झाल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करून बघा. रीस्टार्टनंतर कार्ड दिसलं याचा अर्थ बूट होताना क्लायंट ड्रायव्हरच्या आधी उठतोय. सुडो सिस्टमसीटीएल एडिट बॉइंक-क्लायंट करून सर्व्हिस भागात (यातला एस मोठा) एक्झेकस्टार्टप्री मध्ये (ई, एस आणि पहिला पी मोठे) तीस सेकंदांचा स्लीप द्या. स्टार्ट_डिले चा इथे उपयोग नाही, तो कामं उशिरा सुरू करतो, कार्डाचा शोध उशिरा घेत नाही.

दोन वेगवेगळी कार्डं असतील तर क्लायंट डिफॉल्टने त्यातलं चांगलं तेवढंच घेतो, दोन्ही हवी असतील तर सीसी_कॉन्फिगमध्ये यूज_ऑल_जीपीयूज १.

१७. कामच येत नाही. फाईल चुकली असेल का?

असू शकते, पण आधी अपडेट दाबून लॉगची ओळ वाचा. "डोंट नीड" किंवा जॉब कॅश फुल म्हणत असेल तर तुमच्याकडे पुरेसं आहे. डिस्क किंवा रॅम कमी पडते असं सर्व्हर म्हणत असेल तर ओव्हरराइडमधले आकडे वाढवा: तुम्ही मशीन वापरत असताना डिफॉल्टने निम्मीच रॅम मिळते, आठ जीबीच्या मशीनवर रोझेटाची काही कामं तिथेच अडतात. "नो टास्क्स अव्हेलेबल" असेल तर प्रोजेक्टकडेच काम नाही, दुसरा जोडून ठेवा.

यावर वैतागून काही जण वर्क_बफ_मिन_डेज थेट १० करतात. कृपा करून करू नका. डझनावारी कामं येऊन पडतात, लाईट आणि उन्हाळा धरून आपलं मशीन दिवसात मोजकेच तास चालतं, मुदत टळते, आणि तेवढे दिवस त्या संशोधकाचं काम आपल्याकडे नुसतं पडून राहतं. अर्धा ते एक दिवस पुरे.

१८. क्लायंट_स्टेट फाईल हाताने दुरुस्त केली तर चालेल का?

क्लायंट चालू असताना अजिबात नाही, तो मेमरीतलं वर लिहितो आणि तुमचा बदल जातो. अचानक लाईट जाऊन फाईल खराब झाली असेल तर शेजारी क्लायंट_स्टेट_प्रीव्ह म्हणून आधीची कॉपी असते. सर्व्हिस थांबवा, पूर्ण डेटा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा, आणि मगच ती जागेवर आणा.

१९. डेटा दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला, परमिशन बरोबर आहेत, तरी लिहिता येत नाही म्हणतोय.

सर्व्हिस फाईलमध्येच (लिनक्सने क्लायंट कसा चालवायचा ते सांगणारी फाईल) कुंपण आहे. तिथे प्रोटेक्टसिस्टम स्ट्रिक्ट लावलेलं असतं आणि लिहायची परवानगी फक्त बॉइंकचा नेहमीचा डेटा फोल्डर आणि ईटीसीमधला फोल्डर यांनाच, होम फोल्डरही बंद. त्यामुळे चोन कितीही करा, उपयोग नाही. १६ प्रमाणे सिस्टमसीटीएल एडिट करून सर्व्हिस भागात रीडराइटपाथ्स मध्ये (आर, डब्ल्यू आणि पी मोठे) नवा पत्ता घाला. त्याहून सोपं म्हणजे फोल्डर हलवूच नका, नवीन पार्टिशन एफस्टॅबमधून त्याच जुन्या पत्त्यावर माउंट करा, क्लायंटला काही बदललंय हे कळणारही नाही.

२०. मी टाइप करत असताना थांब सांगितलंय, तरी चालूच राहतो.

हेही त्याच कुंपणामुळे. प्रायव्हेटटेम्प चालू असल्याने क्लायंटला स्क्रीनकडे बघता येत नाही, म्हणून तुम्ही समोर बसलाय हे त्याला कळत नाही. तसंच एडिट करून प्रायव्हेटटेम्प फॉल्स करा (शेवटी टीएमपी लिहायचं, पी आणि टीएमपीमधला टी मोठे), आणि लॉगिनला एक्सहोस्ट ने बॉइंक युजरला परवानगी द्या. एक्स११ आणि वेलँड या लिनक्सवर स्क्रीन चालवणाऱ्या दोन व्यवस्था आहेत, हे एक्स११ वर चालतं. वेलँडवर याच्या मागे लागू नका, १३ मधली प्रोसेसरची अट ठेवा किंवा १२ प्रमाणे वेळ ठरवून द्या.

२१. दुसऱ्या खोलीतला पीसी माझ्या लॅपटॉपवरून बघता येईल?

हो, त्या पीसीच्या रिमोट_होस्ट्समध्ये लॅपटॉपचा आयपी लिहा, रीस्टार्ट करा, आणि मॅनेजरमध्ये सिलेक्ट कम्प्युटर करून त्याच्या पासवर्ड फाईलमधला पासवर्ड द्या. राउटर लॅपटॉपला दर वेळी वेगळा आयपी देत असेल तर आज चाललं उद्या नाही असं होतं, तो राउटरमध्ये पक्का करून घ्या. पोर्ट ३१४१६ आहे, फायरवॉलमध्ये घरापुरता उघडा, राउटरवरून बाहेर इंटरनेटला कधीच नाही. अलाउ_रिमोट_जीयूआय_आरपीसी १ केलं की कुठल्याही आयपीवरून जोडायला मोकळीक मिळते, ते टाळा.

२२. क्लासमधल्या दहा पीसींवर एकच तयार फोल्डर कॉपी केला तर?

नको. सगळ्यांची ओळख एकच होते, तीच कामं दहा ठिकाणी चालतात आणि सर्व्हरवर गोंधळ होतो. प्रत्येकावर बॉइंक नवीन टाका, आणि फक्त सीसी_कॉन्फिग, ओव्हरराइड आणि अकाउंट_ ने सुरू होणाऱ्या फाईली कॉपी करा, प्रोजेक्ट आपोआप जोडले जातील. त्याआधी क्लासच्या मालकांची स्पष्ट परवानगी घ्या, लाईट बिल त्यांना येणार आहे.

२३. अपडेट करताना "तुमची फाईल ठेवू की नवीन टाकू" विचारतो, काय सांगू?

आपली ठेवा, एन. नुसतं एंटर दाबलं तरी तेच होतं.

२४. फोल्डिंग ॲट होमला हेच लागू होतं का?

नाही. ते २००० सालापासूनचं वेगळं सॉफ्टवेअर आहे, बॉइंकवर चालत नाही, त्याची कॉन्फिगपण वेगळी. दोन्ही एकाच पीसीवर चालतात, पण कोअर दोघांत वाटून द्या.

२५. इतकं करूनही नाही जमलं. तुम्हाला काय पाठवू?

सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि लॉगच्या पहिल्या चाळीस ओळी टेक्स्ट म्हणून पाठवा, मोबाईलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको, त्यात अंडरस्कोर आहे की डॅश तेच कळत नाही. सोबत डेटा फोल्डरचं एलएस -एल, आणि शेवटचा बदल काय केला होता ते. अकाउंट_ वाल्या फाईली आणि जीयूआय_आरपीसी_ऑथ कुणालाच पाठवू नका, मलासुद्धा, त्यात तुमच्या खात्याची किल्ली आणि पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. मी सहसा रात्री नऊनंतर बघतो, आणि रविवारी कुणी सिडको किंवा इंदिरानगरच्या बाजूला असेल तर कॅबिनेट घेऊन घरी आलात तरी चालेल.